खाडी बुजली, बेट उरले का?

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून निर्मळकडे निघालेल्या माणसाला आपण एका बेटावर चाललो आहोत, अशी शंकासुद्धा येत नाही. आधी इमारतींची गर्दी, मग सोपारे आणि गास यांच्यामधला सखल, ओलसर पट्टा, आणि त्यापलीकडे एकाएकी केळीच्या वाड्या, माड, क्रूस, देवळे आणि निर्मळचे तळे. पावसाळ्यात मात्र हा सखल पट्टा आपली ओळख स्वतःच सांगतो. सनसिटी-गास रस्ता पाण्याखाली गेल्याची बातमी दर वर्षी येते आणि दर वर्षी लोक तिच्याबद्दल नव्याने हळहळतात. पाणी तिथे मुद्दाम वाट चुकून आलेले नसते. ती त्याचीच जुनी वाट आहे.

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जेम्स कॅम्पबेल यांनी वसईचे वर्णन बेट म्हणून केले. आज ते सांगितले तर वसई-विरारमध्ये राहणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना ती थट्टा वाटेल. तरीही या भूभागाविषयी दीडशे वर्षांत जे वाद झाले ते सगळे फिरून याच शब्दाशी येतात. सोपारा बंदर नेमके कुठे होते, इथले लोक मूळचे कुठले, धर्मांतरे कशी झाली, महापालिका हवी की ग्रामपंचायत, पूर कशामुळे येतो: हे प्रश्न वरवर वेगळे असले तरी त्यांच्याखाली एकच पाणी आहे. या वादांचा आजवरचा हिशेब मांडायचा तर सुरुवात भूगोलापासूनच करावी लागते.

पाण्याने आखलेली हद्द

दक्षिणेला उल्हास नदीचे मुख म्हणजे वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पश्चिमेला अरबी समुद्र. या तीन बाजूंबद्दल वाद नाही. चौथी बाजू, म्हणजे पूर्व, हीच काय ती गोम. तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेली जमीन आणि किनाऱ्याचा वाळूचा उंचवटा यांच्यामधून एके काळी सोपाऱ्याची खाडी वाहत होती. तिचे एक तोंड वैतरणेकडे, तर दुसरे वसईच्या खाडीकडे होते. भरतीचे पाणी दोन्हीकडून आत शिरायचे आणि मधल्या पट्ट्याचे बेट व्हायचे.

ही खाडी कोणी एका दिवसात बुजवली नाही. डोंगरातून येणारा गाळ तर शतकानुशतके साचतच होता. त्यावर माणसांनी बांध घातले, खाजणे शेताखाली आणली, मिठागरे काढली. मग आगगाडी आली. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. रुळांसाठी घातलेला भराव, नंतरचे रस्ते आणि शेवटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वसाहती यांनी उरलेल्या पाण्याचे नाले केले. थोडक्यात, बेट बुडाले नाही, ते किनाऱ्याला चिकटले.

खरेखुरे बेट पाहायचे असेल तर आजही सोय आहे. वसईच्या खाडीत, नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू आहे. लोकलचे पूल त्या बेटाला स्पर्शून जातात, पण गाडी तिथे थांबत नाही. उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचा किल्ला आहे. गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथे तट उभारला, पोर्तुगिजांनी तो वाढवला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतल्यावर बाजीरावाच्या नावाचा शिलालेख दारावर बसला. किल्ल्याभोवती कोळ्यांची वस्ती आहे आणि जायला होडी लागते. वसई बेट कसे असेल याची कल्पना या दोन ठिकाणांवरून करता येते, फक्त आकार बराच मोठा धरावा लागतो.

वसईचे बेटपण मात्र केवळ कडेच्या पाण्यावर ठरत नव्हते, जमिनीखालच्या पाण्यावरही ठरत होते. किनाऱ्याच्या वाळूत दर पावसाळ्यात गोडे पाणी मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखे तरंगत राहते. निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल या गावांच्या विहिरी त्या थरावर जगल्या. वाड्यावाड्यांतून खोदलेली बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी आणि मुरवणारी लहानमोठी तळी, हा थर भरत ठेवत. रहाटाने पाणी काढायचे आणि केळी, पानवेली, माड, फुलझाडे, भाजी शिंपायची, अशी ही शेती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात. हा पदार्थ दुसरीकडे सहसा मिळत नाही, आणि ज्याने तो खाल्ला आहे त्याला त्याचे वर्णन सांगण्याची गरज नसते.

शूर्पारकाचे कोडे

निर्मळच्या शेजारी सोपारे आहे, आणि सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. टॉलेमीच्या भूगोलात आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-ग्रंथात हे नाव येते. बौद्ध वाङ्मयात पूर्ण नावाचा इथला व्यापारी भिक्षू झाल्याची कथा आहे. बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या ‘ओफीर’ बंदराशीही काही जुन्या अभ्यासकांनी सोपाऱ्याचे नाते जोडून पाहिले होते. ते मत आता फारसे कोणी धरून बसत नाही, पण स्थानिक अभिमानाच्या भाषणांतून ते अजून निवृत्त झालेले नाही.

ठोस पुरावा मिळाला तो १८८२ मध्ये. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला आणि तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी होती, पेटीत एकात एक बसवलेले करंडक, आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पुढे १९५६ मध्ये निर्मळच्या अगदी शेजारच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा परिसर मौर्यांनी आपली आज्ञा कोरून ठेवावी इतका महत्त्वाचा होता, याबद्दल शंका उरत नाही.

कोडे वेगळेच आहे. बंदराची गोदी कुठे होती? गलबते सोपाऱ्याच्या खाडीतून आत येत की समुद्राच्या बाजूने उतरत? बंदर कधी आणि का ओसरले? एक मत असे की खाडी गाळाने भरत गेली तसा व्यापार ठाणे आणि चौलकडे सरकला. दुसरे मत राजकीय बदलांना आणि पश्चिमेकडच्या व्यापारी मार्गांच्या फेरफाराला अधिक वजन देते. दोन्ही मते एकमेकांना खोडून काढत नाहीत. त्यांचा निकाल लावायला पद्धतशीर, मोठे उत्खनन लागेल. इथे अडचण साधी आहे. जिथे खणायला हवे त्यातल्या बऱ्याच जागेवर आता लोक राहतात.

शूर्पारकाची दुसरी वाट पुराणातून जाते. विमलासुर नावाचा शिवभक्त असुर आणि त्याचा वध करणारा परशुराम यांची कथा ‘निर्मळ माहात्म्या’त आहे. विमलेश्वर महादेव आणि तळे यांचे पावित्र्य त्या कथेवर उभे आहे. गोव्याचे डॉ. जोझे गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईवर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला त्यात या माहात्म्याची दखल घेतली. ख्रिस्ती अभ्यासकाने हिंदू स्थलपुराण वापरून पोर्तुगीज वसाहतीचा इतिहास इंग्रजीत लिहावा, हे वसईच्या स्वभावाला धरूनच झाले.

तळ्याकाठच्या देवळात शंकराचार्यांची समाधी मानतात. कार्तिक वद्य एकादशीपासून तिथे मोठी जत्रा भरते. तिला सगळ्या धर्मांचे लोक जातात, आणि यात कोणालाच नवल वाटत नाही.

दोनशे पाच वर्षे

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने कोंडीत सापडला होता. २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख, मुंबईच्या बेटांसह, पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या हवाली केला. १५३६ पासून किल्ल्याचे काम सुरू झाले. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज ‘उत्तर प्रांता’चा कारभार वसईतून चाले. मुंबई १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांच्या वाट्याला गेली, पण वसई पोर्तुगिजांकडेच राहिली. तेव्हा दोघींतली मोठी वसई होती, हे आज मुंबईला कोणी सांगत नाही.

गावे फिदाल्गोंना, म्हणजे पोर्तुगीज सरदार घराण्यांना, वार्षिक धारा घेऊन बहाल केली जात. या धाऱ्याला ‘फोरो’ म्हणत. मुंबईतल्या फोरास रोडचे नाव यावरून आले, असे एक मत आहे. जमिनीची मालकी वरून बदलली, पण वाडी शिंपणारा हात बहुधा तोच राहिला. धर्माचे काय झाले, हा मात्र या आढाव्यातला सर्वांत नाजूक भाग आहे.

एक बाजू अशी. देवळे पाडली गेली, निर्मळचीही पाडली गेली. हिंदूंच्या जाहीर विधींवर बंधने आली. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या चर्चच्या प्रांतिक परिषदेचे ठराव आणि १५६० पासूनची गोव्याची इन्क्विझिशन हे नुसते कागद नव्हते, त्यांची धग उत्तरेतही लागली. विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटवल्याची गोष्ट वसईत घरोघर ऐकायला मिळते. ती घडली तशी की घडल्यासारखी, हे ठरवणारा दस्तऐवज नाही, पण लोकांनी आपल्या भयाला दिलेला तो आकार आहे, हे नाकारता येत नाही.

दुसरी बाजू म्हणते की एवढ्याने चित्र पुरे होत नाही. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांनी शाळा चालवल्या, अनाथ मुले सांभाळली, जमिनीच्या आणि जातीच्या भांडणांत मध्यस्थी केली. अनेक ठिकाणी एकट्यादुकट्या माणसाऐवजी अख्खी भावकी एकदम ख्रिस्ती झाली. तसे झाल्याने रोटीबेटीचे व्यवहार आणि शेतीची पद्धत मोडली नाही. निव्वळ जबरदस्तीने झालेली धर्मांतरे १७३९ नंतर सहज उलटली असती, ती तशी उलटली नाहीत, हा या बाजूचा मुख्य युक्तिवाद. त्यावर पहिल्या बाजूचे उत्तर असे की, दोनशे वर्षांत सहा-सात पिढ्या होतात, आणि सातव्या पिढीला परतीची वाट आठवत नाही; शिवाय परतणाऱ्याला जुनी जात उघड्या हातांनी घेईलच असे नव्हते. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. गावागावाच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून वाचल्याशिवाय एकाची बाजू पूर्ण घेणे धाडसाचे ठरेल.

१५५६ मध्ये वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रूसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केले गेले. एका बेटावरचा माणूस दुसऱ्या बेटावर जाऊन मेला. आज वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

१७३७ ते १७३९ च्या मोहिमेबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. अणजूरच्या गंगाजी नाइकांसारख्यांनी पेशव्यांकडे धरलेला आग्रह, चिमाजी अप्पांचा वेढा, सेबास्तियाव बुरुजाखालचे सुरुंग आणि मे १७३९ मधली शरणागती हे सगळे पेशवे दफ्तरातल्या पत्रांत आणि य. न. केळकरांच्या ‘वसईची मोहीम’मध्ये तपशिलाने आले आहे. त्यामानाने तहाच्या कलमांची चर्चा कमी होते. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक त्यात होती. चर्चच्या घंटा मात्र महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा १७२१ सालची आहे, तीही पोर्तुगीज घंटा. मराठी अमलात निर्मळची देवळे पुन्हा उभी राहिली. पुढे गावात होली क्रॉस चर्च झाले. देऊळ आणि चर्च तळ्याच्या परिसरात आज शेजारी आहेत. यात कोणाला सहजीवन दिसते, कोणाला जुनी जखम भरल्याची खूण, तर कोणाला केवळ जागेची अडचण.

बेटकरी कोण?

वसईत ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर गावाच्या नावाने दिले जाते, आणि ऐकणारा त्यावरून जात, धर्म, बोली, बहुतेक वेळा आडनावसुद्धा ओळखतो. उत्तर भागात, म्हणजे निर्मळ, गास, वाघोली, नंदाखाल, भुईगाव या बाजूला, सामवेदी किंवा कुपारी समाज. दक्षिणेला वाडवळ. किनाऱ्याला पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथे कोळी. शिवाय भंडारी, आगरी, पाचकळशी, मुसलमान, आणि डोंगराच्या बाजूला वारली, कातकरी व मल्हार कोळी. सामवेदी आणि वाडवळ या दोन्ही समाजांत हिंदू आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. लाल लुगडे नेसलेली म्हातारी दुरून दिसली तर ती सामवेदी घरातली एवढे कळते, मात्र ती देवळात चालली की चर्चला, हे जवळ गेल्यावरच समजते.

मूळ कुठले, यावर तीन मुख्य मते आहेत.

पहिले मत बखरीतून आले. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त बिंब राजा आपल्याबरोबर अनेक कुळे घेऊन उत्तर कोकणात आला आणि त्याने ती इथे वसवली, असे सांगितले आहे. वाडवळ आणि इतर समाजांच्या कुळकथा या बखरीला धरून आहेत. राजवाड्यांनी तिला फार मोल दिले. पण तिचे भाग वेगवेगळ्या काळात लिहिले गेले, त्यातल्या सनावळ्या एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिच्यातले ‘महिकावती’ म्हणजे मुंबईचे माहीम की केळवे-माहीम, यावर अजून एकमत नाही. बखरीत इतिहास आहे, पण तो चाळून घ्यावा लागतो.

दुसरे मत सामवेदी ब्राह्मणांचे. आपले पूर्वज सामवेदाचे अध्ययन करणारे ब्राह्मण होते आणि शूर्पारक क्षेत्री ते फार जुन्या काळी आले, असे ते सांगतात. कोणी त्यांचे मूळ गुजरातेत शोधतो, कोणी देशावर. शेती स्वतः कसणारे ब्राह्मण ही गोष्ट देशावरच्या लोकांना चमत्कारिक वाटते. निर्मळच्या आसपास ती शतकांपासून साधी गोष्ट आहे. फादर फ्रान्सिस कोरिया यांनी ‘सामवेदी ख्रिस्ती समाज’ या पुस्तकात ख्रिस्ती कुपाऱ्यांचे नाते याच परंपरेशी जोडून रीतिरिवाज, पेहराव, गाणी आणि आडनावे यांची नोंद केली. मौखिक परंपरेवर तिची भिस्त अधिक आहे, अशी टीका करता येते. पण तीही नोंद झाली नसती तर टीकेलाही काही उरले नसते.

तिसरे मत पोर्तुगीज रक्ताचे. बाहेरचे लोक ते फार खात्रीने मांडतात, आतले लोक हसून सोडून देतात. फिदाल्गोंची आणि स्थानिकांची काही लग्ने झाली, हे खरे. परंतु भावकीने झालेली धर्मांतरे, शेवटपर्यंत टिकलेले जातीचे नियम आणि बोली या तिन्ही गोष्टी सरसकट मिश्रणाच्या विरुद्ध साक्ष देतात. डिसोजा किंवा परेरा हे आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले आहे, वंशावळीचे नव्हे.

‘कुपारी’ हा शब्दच घ्या. त्याची व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’पासून सांगितली जाते. मुलाचा धर्मपिता आणि मुलाचा बाप यांचे एकमेकांशी जे नाते तयार होते, ते कोंपाद्रे. गंमत अशी की हाच शब्द पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावरही पोचला. तिथे स्पॅनिश धर्मगुरू १६६८ मध्ये आले, बेट १८९८ मध्ये अमेरिकेकडे गेले आणि आजही ते अमेरिकेचा एक प्रदेशच आहे, राज्य नाही. तिथल्या चामोरो लोकांच्या भाषेत हे नाते ‘कोंपाइरे’ झाले. तिकडे तो नातेवाचक शब्दच राहिला, इकडे तो एका समाजाचे नाव झाला. आपले मूळ काय, आपल्या जमिनीबद्दल कोणी ठरवायचे आणि बाहेरून आलेल्यांपुढे आपली संख्या किती उरणार, हे प्रश्नही ग्वामच्या लोकांना आणि वसईकरांना जवळपास सारखेच पडले आहेत. फरक एवढाच की ग्वामभोवती अजून समुद्र आहे.

नावाचा वाद इथे संपत नाही. मुंबई-ठाण्याच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकऱ्यांत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे ठसवण्याची गरज त्यामागे होती. लग्नातले उंबराचे पाणी, गाणी आणि पदार्थ यांत वसईकर आणि साष्टीकर ख्रिस्ती एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून वसईकरही ईस्ट इंडियनच, असे एक मत. वसईतल्या अनेकांना मात्र हे इंग्रजी नाव आपले वाटत नाही. ते स्वतःला कुपारी, वाडवळ, कोळी किंवा नुसते मराठी ख्रिस्ती म्हणवतात. १९९८ मध्ये मुंबईच्या धर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याने या वेगळेपणाला एक चौकट मिळाली.

बोलीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. सामवेदी समाजाची बोली, जिला कादोडीही म्हणतात, आणि वाडवळी या दोन्हींची दखल ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात, १९०५ मध्ये, घेतली गेली. त्यांना मराठीच्या बोली मानावे की कोकणीजवळच्या, की गुजरातीच्या छटेने घडलेल्या वेगळ्या भाषा, यावर भाषाशास्त्रज्ञ आणि बोलणारे यांची उत्तरे वेगळी येतात. दरम्यान मुले इंग्रजी शाळांत जातात. बोलीत लिहिणारे आहेत, तिच्यातली गाणी मोबाइलवर फिरतात. घरातल्या भांडणात ती अजून भक्कम आहे, असे गमतीने म्हणतात.

प्रमाण मराठीत मात्र या समाजाने भक्कम काम केले आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन दीर्घ काळ केले, ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. सिसिलिया कार्व्हालो यांची कविताही याच मातीतली. दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांचे नाव वसईच्या पुढच्या वादातही येते, आणि त्या वादाचे कारण पाणीच होते.

हिरवा पट्टा आणि पिवळे टँकर

सत्तर-ऐंशीच्या दशकांत लोकलच्या सोयीने वसईच्या पूर्व कडेला वस्ती वाढू लागली, पण पाणी तिच्या मागोमाग आले नाही. ते बेटाच्या विहिरींतून टँकरने उपसले गेले. गोड्या पाण्याचा थर पातळ झाला आणि काही विहिरी खाऱ्या लागू लागल्या. १९९० मध्ये सरकारने वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. हरित पट्टे बांधकामाला खुले होणार, ही भीती त्यापूर्वीच पसरली होती. दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हरित वसई संरक्षण समितीने टँकर, हरित पट्टा आणि गुंडगिरी या तिन्हींविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणले. देवळातले आणि चर्चमधले लोक एकत्र आले, हे तेव्हाच्या महाराष्ट्राला विशेष वाटले.

या विषयावर दोन भूमिका आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे मांडता येतात. पश्चिम पट्ट्यातले शेतकरी म्हणतात, बेटाचे पाणी मर्यादित आहे, वाडी गेली की बावखल जाते, बावखल गेले की विहीर जाते. पूर्वेकडचे रहिवासी आणि नियोजनकार म्हणतात, मुंबईला लागणाऱ्या माणसांना कुठेतरी घर हवे, आणि ज्यांच्याकडे वाडी नाही त्यांनी हिरवाईसाठी चाळीत राहावे, हे अन्याय्य आहे. पुढे उसगाव, पेल्हार आणि सूर्या प्रकल्पाचे पाणी आले तेव्हा विहिरींवरचा भार हलका झाला. मात्र पाण्याचा प्रश्न सुटल्यावर जमिनीचा प्रश्न अधिक टोकदार झाला, कारण आता बांधायला आणखी एक अडचण कमी होती.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. तिला न्यायालयात आव्हान मिळाले आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. २०२४ मध्ये सरकारने गावे पालिकेतच ठेवण्याचे ठरवले. ग्रामपंचायतवाल्यांचे म्हणणे, कर वाढतो आणि बांधकामाची दारे उघडतात. पालिकावाल्यांचे म्हणणे, गटार, रस्ता, दवाखाना या गोष्टी पंचायतीच्या तिजोरीतून होत नाहीत. मधल्या काळात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि वसईकर ठाणेकर राहिले नाहीत. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, म्हणजे जुन्या बेटकऱ्यांचे प्रमाण तेव्हाच अल्प झाले होते.

मग जुलै २०१८ आला. सलग पावसाने वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात राहिले. लोकल बंद पडल्या, वीज गेली, मिठागरांवरचे शेकडो लोक अडकले आणि त्यांना बोटींनी बाहेर काढावे लागले. कारणांवर पुन्हा दोन सूर. एक सूर अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आल्याकडे बोट दाखवतो. दुसरा सूर खाजणावरचा भराव, अरुंद झालेले नाले आणि रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्यांची अपुरी तोंडे यांकडे. नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या समितीने पाणी साठवणाऱ्या धारण तलावांची गरज सांगितली. वाडीतल्या म्हाताऱ्यांना तो शब्द नवा होता, वस्तू नव्हे. ते बावखलच म्हणतात.

काय ठरायचे आहे

सोपाऱ्याच्या गोदीचा पत्ता लागलेला नाही. बखरीतले माहीम कुठले, ते ठरलेले नाही. पोर्तुगीज चर्चनोंदी, मराठी दफ्तर आणि गावोगावच्या मौखिक कथा एकाच टेबलावर मांडून केलेला सविस्तर अभ्यास अजून व्हायचा आहे, आणि तो करणाऱ्याला पोर्तुगीज, मोडी आणि कादोडी या तिन्ही याव्या लागतील. असा माणूस वसईतच तयार होण्याची शक्यता जास्त. सोपाऱ्याच्या खाडीचा जुना प्रवाह आजच्या विकास आराखड्यावर नेमका कुठून जातो, हा प्रश्न तर इतिहासाचा राहिलाच नाही, तो दर जुलैचा झाला आहे. बावखलांपैकी काही सरकारी जागेत आहेत, बरीच खासगी वाड्यांत, आणि वाडी विकणाऱ्याला त्यातले पाणी राखायला सांगावे कोणी, यावर निर्मळपासून गासपर्यंत दर घरी वेगळे मत ऐकायला मिळते.

दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो फेरी सुरू झाली. रस्त्याने घोडबंदरचा वळसा घालण्यापेक्षा गाडी बोटीवर चढवून खाडी ओलांडणारे वाढत आहेत. बोट वसईच्या किल्ल्याजवळच्या धक्क्याला लागते.